क्रांतीचा वर्तमानकाळ

माझा क्लास गंगावेशीत टायरच्या दुकानावर आहे. खाली टायरात हवा भरतात, वर माणसांत. पाटीवर ‘इंग्रजी बोला’ एवढंच लिहिलंय. किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही. खोटं बोलायचंच असेल तर तोंडानं बोलावं, रंगानं लिहून ठेवू नये, असं माझं मत आहे.

गणपती उठले त्या आठवड्यात सयाजी तात्या जिना चढून वर आले. तात्यांना पेठेत सगळे ओळखतात. रोज संध्याकाळी ते आपली म्हैस चौकात आणून उभी करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. ग्लास अर्धा ठेवणाऱ्याशी ते पुन्हा बोलत नाहीत. त्या दिवशी ते पहिल्या बाकावर बसले. बाक बोलला, मग तात्या बोलले.

“मास्तर, इंग्लिश पायजे. पाडव्यापतोर.”

“कुठपर्यंत शिकायचंय?”

“पाडव्यापतोर म्हटलं की.”

“तसं नव्हे तात्या. किती यायला पाहिजे?”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “एका माणसाला एक गोष्ट इचारता याय पायजे. आणि त्यो काय म्हंतोय ते कळाय पायजे. बाकीचं इंग्लिश तुमालाच ठिवा.”

गोष्ट अशी होती. तात्यांचा मुलगा राजवर्धन डेअरीचा डिप्लोमा करून इटलीत गेला. तिथं पास्क्वाले नावाच्या माणसाचा म्हशींचा गोठा होता. राजवर्धननं आधी गोठा सांभाळला, मग मालकाची मुलगी जूलिया हिच्याशी लग्न केलं. लग्न तात्यांनी आणि बनाकाकूंनी मोबाइलवर पाहिलं. अक्षता मोबाइलवरच टाकल्या. तांदळाचा एक दाणा चार्जिंगच्या भोकात अडकला तो अजून तिथंच आहे. आता दिवाळीला मुलगा, सून आणि व्याही असे तिघं कोल्हापूरला येणार होते.

“मग राजवर्धन आहे की मधे बोलायला,” मी म्हणालो.

“तीच तर बोंब हाय. लग्नात मी व्याह्यास्नी आमचं घराणं सांगितलं, म्हशीची आई सांगितली, आजी सांगितली, पाणी कुठलं, वैरण कुठली, समदं सांगितलं. पोरानं त्येचं तिकडं चार शब्द केलं. मग व्याही बोललं. दोनी हातांनी बोललं. डोळं पुसलं. मी पोराला म्हटलं, काय म्हंत्यात? तर म्हनं, ‘नमस्कार म्हंत्यात.’”

तात्या पुढं वाकले.

“मला इचारायचं हाय, पोरगं तिथं सुखात हाय का. त्यालाच इचारलं तर ‘मजेत’ म्हंतंय. गेल्यापास्नं मजेतच हाय. ताप आलता तवाबी मजेतच हुतं. सासऱ्याला इचारलं तर खरं कळंल. पर ‘माझं पोरगं सुखात हाय का’ ह्ये त्या पोरालाच भाषांतर कराय कसं सांगू?”

 मला वेगळीच शंका होती. “तात्या, इटलीत लोक इटालियन बोलतात.”

“गोरा माणूस हाय न्हवं? मग! म्हशीच्या रेडकाला पवाय शिकवाय लागतंय व्हय?”

मी विषय वाढवला नाही. मी इंग्रजी विकतो. समोसेवाला गिऱ्हाईकाला ‘तुम्हाला भूक नक्की लागलीय ना’ असं विचारत बसत नाही.

अडचण वेळेची होती. सकाळी धार, मग दुधाचं वाटप, मग वैरण, संध्याकाळी चौकातला दूधकट्टा. मोकळा वेळ एकच, सकाळी क्रांतीला पळवायला नेत तेव्हाचा. क्रांती म्हणजे तात्यांची म्हैस. तिचा जन्म नऊ ऑगस्टचा, म्हणून हे नाव. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर पळवतात. पुढं मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर, मागं म्हैस. दोर नाही, काठी नाही. म्हशीनं मालकाच्या आवाजावर धावायचं. बाहेरची माणसं विचारतात, असं का करता? आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही. आमचा प्रश्न असतो, बघायला जागा कुठं मिळेल.

तर तात्यांची जुनी राजदूत, तिच्यावर तात्या, मागं मी, माझ्या मागं क्रांती, असा आमचा वर्ग भरू लागला. गाडीचा सायलेन्सर मीरासाब चाचांनी काढला होता. चाचांचं गॅरेज तात्यांच्या गोठ्याला लागून आहे. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, म्हणजे दोघं एकमेकांशी कधी सरळ बोलत नाहीत.

“आदर्श,” पहिल्याच दिवशी चाचा मला म्हणाले, “ह्या गाडीवर तुला कायबी ऐकू येनार न्हाय. तात्याला तर गाडी बंद असतानाबी ऐकू येत न्हाय.”

म्हणून ओरडायला लागायचं. मी ओरडायचो, “आय गोऽ!” तात्या ओरडायचे, “का?”

“का म्हणजे?”

“पयला मी कसा? पयली पंगत पावण्यांची. आदी यू!”

“पुस्तकात आधी आय आहे.”

“पुस्तकाकडं कोन जेवाय जातंय?”

तात्यांनी वर्तमानकाळाची पंगत नव्यानं मांडली. आधी पाहुणा, म्हणजे यू. मग जो अजून यायचाय, ज्याच्यासाठी ताट झाकून ठेवलंय तो, म्हणजे ही आणि शी. सगळ्यात शेवटी घरचा माणूस, म्हणजे आय. “यू गोऽ, ही गोज्ज, शी गोज्ज, आय गोऽ!” ‘ज्ज’ ते खिळा ठोकल्यासारखा म्हणत. मी दोन सकाळी भांडलो, मग सोडून दिलं. व्याकरण बदललं होतं, पण आदरातिथ्य सुधारलं होतं.

‘यू’वर त्यांची वेगळी तक्रार होती. “ह्ये तू का तुमी?”

“दोन्ही.”

“म्हंजे म्हशीला आनि व्याह्याला एकच शब्द?”

“हो.”

“मग इंग्रज भांडत्यात कसं?”

आणि ‘ही’ला शेपूट का लागतं, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. “जो समोर न्हाय त्येला लोक काय ना काय लावत्यातच. पेठंत बी तीच रीत हाय.” हे मी आता क्लासात सगळ्यांना असंच शिकवतो.

गो झालं, कम झालं, ईट, ड्रिंक, स्लीप, वर्क, लाफ झालं. भूतकाळ शिकवू का म्हटलं तर तात्या म्हणाले, “मागचं काडून व्याह्याशी भांडायचं हाय का?” भविष्यकाळाचं विचारलं तर म्हणाले, “त्यो पोराच्या हातात हाय. आपलं आजचं बगा.”

दसऱ्यापर्यंत पंचगंगेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा वर्तमानकाळ पक्का झाला. घाटावर व्यायामाला येणारी मंडळी बैठका मारताना ‘यू ईऽट, ही ईट्स’ म्हणू लागली. एका भाजीवालीनं गिऱ्हाईकाला ‘यू गो’ म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं, आणि गिऱ्हाईक गेलंही.

घोटाळा एका दुपारी लक्षात आला. तात्या घरात पाटावर बसून एकटेच उजळणी करत होते. “यू कम, ही कम्स,” म्हणेपर्यंत गोठ्यात काहीतरी तुटलं, आणि “शी कम्स”ला क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी. गळ्यात तुटलेलं दावं, पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत. बनाकाकू चकल्या पाडत होत्या. त्यांनी सोऱ्या तिच्यावर उगारला आणि तात्यांना म्हणाल्या, “आता हिला बी टेबल-खुर्ची आना!”

क्रांतीला तात्या पूर्वी एका हाकेनं बोलवत. “आऽ हुर्रऽ, ये गं बायेऽऽ!” शेवटचा ‘बाये’ त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला, उंच नेऊन खाली सोडायचा. ती हाक त्यांनी आता मारून पाहिली. क्रांतीनं कान हलवला नाही. परत मारली. तिनं पो टाकला, तोही सावकाश.

“यू गो,” तात्या हळूच म्हणाले. क्रांती लगेच वळली.

मीरासाब चाचा कुंपणावरून बघत होते. “झालं,” ते म्हणाले. “म्हशीनं इंग्लिश मीडियम घेतलं. आता घरात मराठी बोलनार न्हाय.”

तात्यांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांचा बेत पक्का झाला. पाडव्याच्या दिवशी व्याह्यांना गाडीवर मागं बसवायचं, क्रांतीला घेऊन घाटापर्यंत पळायचं, तिथं गाडी बंद करायची आणि विचारायचं. “गाडीवर दोगंच. मागं म्हस. मधी पोरगं न्हाय.” राजवर्धनला फोटोसाठी अडकवून ठेवायची कामगिरी काकूंकडं होती. माझ्याकडं आणि चाचांकडं स्कूटरवरून मागून येणं, कारण पळून झाल्यावर क्रांतीला धरायला कुणीतरी लागतं.

बेतात चूक नव्हती. चूक घशात होती. फुटक्या आवाजाच्या गाडीवर इतके दिवस ओरडून पाहुणे यायच्या दिवशी तात्यांचा घसा बसला. साधा नाही, मुळापासून. पास्क्वाले गाडीतून उतरले. तात्यांएवढंच वय, तात्यांएवढंच पोट, आणि मिशीही जवळपास तीच, फक्त पिळायची राहिलेली. तात्या कोल्हापुरी फेटा बांधून पुढं झाले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि टायरमधून हवा जावी तसा आवाज आला.

“तात्या, बोलू नका,” राजवर्धन म्हणाला. “मी आहे की सांगायला.”

झालं. सगळी संध्याकाळ राजवर्धन सांगत होता. व्याही हातवारे करून भरपूर बोलायचे आणि राजवर्धन म्हणायचा, “चकली आवडली म्हणतात.” तात्या माझ्याकडं बघायचे. बुडणारा माणूस काठावरच्या मास्तराकडं बघतो तसं. काकूंनी हळदीचं दूध दिलं, चाचांनी आलं-खडीसाखर आणली, मी ज्येष्ठमध आणला. घशानं सगळं गिळलं आणि काही परत केलं नाही.

पाडव्याला दुपारी क्रांती नटून रस्त्यावर आली. शिंगं लाल-निळी, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चांदीचा तोडा. एका कुशीवर रंगानं लिहिलेलं ‘वेलकम पास्कल’. दोन्ही बाजूंना माणसं भिंतीवर, गच्चीवर, ट्रॅक्टरच्या बोनेटवर. तात्यांनी राजदूतला किक मारली. पूर्ण पेठ हादरली. व्याह्यांना मागं बसायची खूण झाली, ते बसले. काकूंनी राजवर्धनला आणि जूलियाला मावश्यांच्या घोळक्यात घालून फोटो सुरू केले. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

तात्या वळून म्हणाले, “हूऽऽ.”

क्रांतीनं त्यांच्याकडं बघितलं. तात्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ बरोबर हलत होते, यू गो, ही गोज, शी गोज. आत काही नव्हतं. क्रांती थोडा वेळ थांबली, मग रस्त्याच्या बरोबर मधोमध बसली. मागच्या म्हशी अडल्या. मागचे मालक अडले. आणि कोल्हापुरात मालक अडला की बोलतो.

“ओ तात्या, म्हस बसली का कट्टा उगडला?”

“पावणं आल्यात, तिला बी लाज वाटाय लागलीया!”

“आदर्श, तू म्हन की!” चाचा मला ढकलत म्हणाले.

मी पुढं झालो. मी या विषयाचा शिक्षक आहे. मी तात्यांच्याच क्रमानं, स्पष्ट उच्चारात म्हणालो, “यू गो. ही गोज. शी गोज. आय गो.” क्रांती रवंथ करू लागली. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, “हजर!” आणि माणसं हसली.

“आदर्श, तू तिला बोलवतोयस का हजेरी घेतोयस?” चाचा म्हणाले. “जरा पोटातनं काड की.” मग चाचांनी स्वतः काढलं. त्यांचा आवाज गॅरेजचा. क्रांतीनं तोंड फिरवलं. मग सगळी पेठ एकदम म्हणाली. चारशे-पाचशे माणसं ‘यू गो’ म्हणून किंचाळतायत आणि मधे एक म्हैस बसलीय, हे दृश्य बघून बाहेरगावचा एक पाहुणा खरंच निघून गेला.

तात्या गाडीवरून उतरले. फेटा काढून हातात घेतला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हैस बसल्याचं दुःख होतंच, पण मला माहीत होतं, घाट गेला होता. प्रश्न गेला होता. परवा पाहुणे परत जाणार होते.

तेवढ्यात पास्क्वाले उतरले. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या, क्रांतीच्या पुढं जाऊन तिच्या कपाळावर पंजा ठेवला. गुरांचा माणूस गुराला हात लावतो तेव्हा कळतं.  मग त्यांनी मान वर करून, पहाडावरून बोलवावं तसा लांब सूर काढला.

“आय गोऽऽ! यू गोऽऽ! ही गोज्जेऽऽ!”

मी कोट खाली पाडला.

राजवर्धन मावश्यांतून सासऱ्यांना ओरडला, “पप्पा, तुम्हाला इंग्रजी येतं?” तो हे मराठीत ओरडला, मग इटालियनमध्ये ओरडला. जूलियानं तोंडावर हात ठेवला. नंतर कळलं ते असं. हिंदुस्थानात सगळे इंग्रजी बोलतात, असं पास्क्वाल्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनाही व्याह्याला काही विचारायचं होतं आणि जावयाला मधे घ्यायचं नव्हतं. म्हणून गावातल्या एका शाळामास्तरणीकडं ते गुपचूप जात होते. तीही वर्तमानकाळाच्या पुढं सरकली नव्हती.

क्रांतीचे कान उभे राहिले. ती उठली, पुढचे पाय टाकले आणि थांबली. आवाज पटला होता. पंगत चुकली होती.

तात्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी पास्क्वाल्यांचा हात धरला, त्यांच्याच छातीवर ठेवला आणि बोटानं खूण केली, पहिला. मग दूर कुठंतरी दाखवलं, मधला. मग स्वतःच्या छातीवर थाप मारून बोट जमिनीकडं नेलं, सगळ्यात शेवटी. पास्क्वाले क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, जेवायला बसवणाऱ्या माणसाला ही रीत सांगावी लागत नाही तशी.

“यू गोऽऽ! ही गोज्जेऽऽ! शी गोज्जेऽऽ! आय गोऽऽ!”

क्रांती निघाली. तात्या धावत गाडीवर बसले, पास्क्वाले त्यांच्या मागं उलटे, तोंड म्हशीकडं करून, दोन्ही हात पसरून. राजदूतचा जाळ, मागं मोरपिसं उडवत क्रांती, आणि सगळ्या रस्त्यावर इटलीच्या सुरात वर्तमानकाळ. लोकांनी शिट्ट्या मारल्या. राजवर्धन पळत मागं निघाला होता, पण काकूंनी त्याचा शर्ट धरला. “बारक्या मावशीबरोबरचा न्हाय काडला अजून!”

मी आणि चाचा स्कूटरवरून पोचलो तेव्हा घाटावर गाडी बंद होती. क्रांती पाण्यात गळ्यापर्यंत बसली होती. कुशीवरचा ‘वेलकम’ धुऊन गेला होता, ‘पास्कल’ राहिला होता. दोघं व्याही पायरीवर शेजारी बसले होते. चाचांनी माझी कॉलर धरून मला वरच्या पायरीवर बसवलं. “तितंच,” ते म्हणाले. “मधी जायचं न्हाय.”

तात्यांच्या घशातून आता थोडा वारा येत होता. त्यांनी पोराच्या उंचीएवढा हात धरला.

“ही... ईट्स?”

पास्क्वाल्यांनी डोळे मोठे केले. “ही ईट्स!” त्यांनी हातानं पोट दाखवलं, आधी राजवर्धनचं जुनं, मग नवं. “ही ईट्स, ही ईट्स, ही ईट्स.”

“ही स्लीप्स?”

पास्क्वाल्यांनी घोरून दाखवलं. पलीकडच्या पायरीवरची कबुतरं उडाली.

तात्या हसले. मग हसणं थांबलं. आता शेवटचा शब्द होता, त्याच्यासाठीच सगळं केलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं.

“ही लाफ्स?”

 एवढा वेळ हातांनी बोलणाऱ्या पास्क्वाल्यांचे हात गुडघ्यांवर गप्प झाले. तात्यांचा फेटा मुठीत चुरगळत होता. मला वाटलं, ह्यांना शब्द येत नसावा. मग वाटलं, येत असावा.

पास्क्वाले उभे राहिले. त्यांनी हातानं पहाटेचा सूर्य वर काढला, गोठ्याचं दार उघडलं, खांद्यावर बादली घेतली, चालले. राजवर्धन चालतो तसंच, डावा खांदा जरा खाली. मग तोंडाजवळ दोन्ही हात नेऊन त्यांनी हाक मारली.

“आऽ हुर्रऽ, ये गे बाऽयेऽऽ!”

शेवटचा ‘बाये’ वर गेला आणि खाली सुटला. बरोबर तिथंच, जिथं तात्यांचे वडील सोडायचे.

मग पास्क्वाल्यांनी हवेत म्हशी दाखवल्या, एक, आणखी एक, हात पुरेनात एवढ्या, सगळ्या येतायत. आणि राजवर्धन मधे उभा राहून हसतोय, ते त्यांनी हसून दाखवलं. “एव्हरी डे,” ते म्हणाले. “ही लाफ्स.”

तात्यांनी फेटा तोंडाला लावला. चाचा माझ्या शेजारी नाक ओढत म्हणाले, “पेट्रोलचा वास हाय.” नदीकाठी पेट्रोलचा वास कुठून येणार, हे मी विचारलं नाही.

मग पास्क्वाले शेजारी बसले. आता त्यांची पाळी होती. त्यांनी पेठेच्या दिशेनं बोट केलं, घसा साफ केला. “जूलिया... हिअर... शी ईट्स?”

तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. सकाळपासून बनाकाकूंनी जूलियाला काय काय खायला घातलं होतं ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांना हसू आवरेना. “शी ईट्स,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “शी नो स्टॉप. बायको नो स्टॉप.”

हे व्याकरणात बसत नाही. मी वरून हात वर केला होता. चाचांनी तो खाली केला.

 मग पास्क्वाल्यांनी तात्यांच्या छातीवर बोट टेकवलं, आणि पश्चिमेकडं, नदीच्या पलीकडं, फार लांब दाखवलं. पाहुण्याला आधी, हे ते विसरले नव्हते.

“यू कम.”

तात्यांनी बघितलं. त्यांच्या मागं पेठ होती, दूध होतं, कट्टा होता. त्यांनी मिशी पुसली. मग बनाकाकूंच्या दिशेनं अंगठा केला.

“शी कम्स,” ते म्हणाले. आणि एकदा थांबून, “आय कम.”

पाण्यात खळबळ झाली. क्रांती उठली, शेपटीनं दोन्ही व्याह्यांना भिजवत पायऱ्या चढून आली आणि दोघांच्या मधे मान घालून उभी राहिली.

“हिला पासपोर्ट लागंल,” मीरासाब चाचा म्हणाले.